परदेशी मिशनला माणसं पाठवणाऱ्या गोव्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांना खुलं पत्र

ख्रिस्तात प्रिय पाळकसाहेब, पंच मंडळी आणि मिशन कमिटीत बसणारे सगळे बंधुभगिनी, सप्रेम सलाम.

वास्को, मडगाव, फोंडा, म्हापसा, जिथं जिथं आपली मराठी उपासना भरते तिथल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. हल्ली आपल्यातली तरुण मुलंमुली आणि जोडपी परदेशात मिशनसाठी जायला पुढे येतायत, दोन आठवड्यांच्या ट्रिपसाठी नाही, चार-पाच वर्षांसाठी, काहीजण तर जन्मभरासाठी म्हणतात, आणि ह्यासाठी मी देवाचे खरंच खूप आभार मानते. पण आपण त्यांना ज्या पद्धतीनं पाठवतो ना, ती बदलली पाहिजे, आणि ती बदलायचं काम जाणाऱ्यांचं नाही, पाठवणाऱ्यांचं आहे. राग आला तर येऊ दे, पण पत्र शेवटपर्यंत वाचा.

आत्ता काय होतं बघा. कन्व्हेन्शनमध्ये कोणीतरी उभं राहून पाचारण झाल्याची, म्हणजे देवानं सेवेला बोलावल्याची साक्ष देतं, सगळ्यांचे डोळे भरतात, काही महिन्यांत तिकीट निघतं, मग निरोपाची उपासना, शाल, हार, स्पेशल अर्पण, ग्रुप फोटो, प्रीतिभोजन, दाबोळीच्या एअरपोर्टवर दोन गाड्या भरून लोक, आणि संपलं. पहिले दोन-तीन महिने बुधवारच्या प्रार्थनेत नाव घेतात, मग कोणाचं ऑपरेशन असतं, कोणाच्या मुलीचं लग्न ठरत नसतं, आणि ते नाव यादीत खाली खाली जात एक दिवस दिसेनासं होतं. मुद्दाम कोणी करत नाही हे मला माहितीये. पण तिकडे बसलेल्या माणसाला ते कळतं.

तारवटीचं, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्याचं घर कसं असतं हे वास्कोत राहणाऱ्याला सांगायला नको. बोटीवर जाणाऱ्या पोराचं आधी मेडिकल होतं, सेफ्टीचे कोर्स होतात, सीडीसी म्हणजे खलाशाचं पुस्तक होतं, कॉन्ट्रॅक्ट किती महिन्यांचं, घरी पैसे कोणाच्या खात्यात किती येणार, आजारी पडला तर घरी कोण आणणार, सगळं सही करून ठरतं आणि मगच तो पाय बोटीवर ठेवतो. कंपनी हे काही मायेपोटी करत नाही, कायदा आहे म्हणून करते. आपण मायेपोटी पाठवतो आणि ह्यातलं एकही काम धड करत नाही, हे मला सहन होत नाही.

बायबलमध्ये पाठवण्याचं चित्र स्पष्ट आहे. प्रेषितांची कृत्ये 13 मध्ये अंत्युखियाच्या मंडळीनं उपास केला, प्रार्थना केली, बर्णबा आणि शौलावर, म्हणजे पौलावर, हात ठेवले. हे आपण दर निरोपाच्या उपासनेला वाचतो. पण 14 व्या अध्यायाच्या शेवटी ते दोघं परत त्याच अंत्युखियाला येतात, मंडळीला एकत्र बोलावतात, काय काय झालं ते सांगतात आणि तिथं बरेच दिवस राहतात, हे कोणी वाचत नाही. फिलिप्पैच्या मंडळीनं पौलाला नुसते पैसे पाठवले नाहीत, एपफ्रदीत नावाचा आपला माणूस पाठवला, तो तिकडे मरणाला टेकला इतका आजारी पडला, आणि पौलानं लिहिलं की त्याला आनंदानं परत घ्या, मान द्या. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तुरुंगातला म्हातारा पौल काय मागतोय, तर त्रोवसला राहिलेला झगा घेऊन ये, आणि हिवाळ्याच्या आत ये. एवढा मोठा प्रेषित, पण त्याला थंडी वाजत होती आणि आपलं माणूस जवळ हवं होतं.

आपल्या गोव्याच्या मातीतलं उदाहरण पण आहे. वास्कोहून कुठ्ठाळीकडे जाताना सांकवाळ लागतं, तिथं संत जोसेफ वाझ यांचं स्थान आहे. ते कॅथलिक, आपण प्रोटेस्टंट, असं म्हणून आपण तिकडे बघत पण नाही, आणि मला वाटतं हे आपलंच नुकसान. 1651 मध्ये बाणावलीला जन्मलेला हा गोंयकार 1687 मध्ये श्रीलंकेत गेला, तिथं किनाऱ्यावर तेव्हा डचांचं राज्य होतं, कॅथलिक पाद्र्याला बंदी होती, म्हणून अंगावर गरिबाचे कपडे घालून लपतछपत गेला. जाण्याआधी तमिळ शिकून घेतली. पोचला तोच आजारी, पोटाच्या विकारानं मरायला टेकलेला. पुढे कँडीच्या राजानं पोर्तुगीज हेर समजून कैदेत टाकलं, तिथं सिंहली शिकला. 1697 च्या सुमाराला कँडीत देवीची साथ आली, लोक आजाऱ्यांना टाकून पळाले आणि हा माणूस त्यांची सेवा करत राहिला, त्यानं राजाचं मन आणखी जिंकलं. 1711 मध्ये तिकडेच वारला. पोप फ्रान्सिस यांनी 2015 मध्ये कोलंबोत त्यांना संत जाहीर केलं.

आता ह्याच्या बाजूला एक दुसरी तारीख ठेवा. 1684 मध्ये गोव्याच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयनं फर्मान काढलं होतं की इथल्या लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायला लागायचं. इन्क्विझिशन, म्हणजे पाखंडाची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, तर 1560 पासून चालू होतं ते 1812 पर्यंत पुरतं गेलं नाही. म्हणजे इकडे सत्ता लोकांची जीभ बदलायला निघाली होती आणि त्याच काळात ह्याच गोव्यातला एक माणूस सत्तेचं काहीही पाठबळ नसताना दुसऱ्यांची भाषा शिकून त्यांच्या दारात उभा राहिला. गोव्यात मिशन हा शब्द काढला की आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते कुठून येतं हे आपण ओळखलं पाहिजे, आणि आपली मुलं बाहेर जाताना ह्यातला कुठला रस्ता धरून जातायत हे त्यांना बसवून शिकवलं पाहिजे. परक्या देशात पाहुणा म्हणून जायचं असतं, त्यांच्या देवधर्माची, जेवणाखाण्याची थट्टा करायची नसते, पैसे किंवा नोकरीचं आमिष दाखवून कोणाला प्रभूकडे आणायचं नसतं. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, पासपोर्टपेक्षा पण.

आणि वाझ एकटे राहिले नाहीत हे पण बघा. सुरुवातीची बरीच वर्षं एकट्यानं काढली, पण मग गोव्याच्या ओरेटरीनं, म्हणजे त्यांच्या पाद्र्यांच्या संघानं, मागून माणसं पाठवली, पाठवत राहिली. दिवाडीचे फादर जाकोम गोन्साल्विस 1705 मध्ये गेले आणि त्यांनी सिंहलीत आणि तमिळमध्ये पुस्तकं लिहिली. पाठीमागची मंडळी जिवंत होती म्हणून काम टिकलं.

भाषेचं सांगते. आपल्यातलं एक जोडपं मोझांबिकला जायची तयारी करतंय, तो इलेक्ट्रिशियन, ती लॅबमध्ये काम करते, दोघं गुणी. त्यांना कोणीतरी सांगितलं की तिकडे पोर्तुगीज चालते, थोडी गुगलवर बघून घ्या, होईल. अहो, आपण गोव्यात बसलोय! इथं शाळेत पोर्तुगीज विषय आहे, गोवा युनिव्हर्सिटीत डिपार्टमेंट आहे, पणजीत क्लास चालतात, शेजारच्या म्हाताऱ्या आजीबाईंना अजून फाडफाड बोलता येते, देशात दुसऱ्या कुठल्या मंडळीला ही सोय आहे? जायच्या आधी एक वर्ष त्यांना क्लासला घाला, फी मिशन फंडातून द्या. आणि एवढ्यावर पण भागणार नाही, कारण पोर्तुगीज ही तिथली सरकारी भाषा आहे, उत्तरेकडे नांपुलाच्या भागात लोक घरात माखुवा बोलतात, दक्षिणेकडे मापुतोच्या आसपास चांगाना. म्हणजे पोचल्यावर पहिलं वर्ष-दीड वर्ष भाषा शिकण्यातच जाणार. तेव्हा कमिटीनं त्यांच्याकडे किती लोक आले, किती बाप्तिस्मे झाले असले प्रश्न विचारायचे नाहीत. फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्यात आले आणि त्यांचं मराठीतलं ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापून निघालं. मधली सगळी वर्षं तो इंग्रज माणूस साष्टीतल्या लोकांत राहून, ऐकून, बोलून मराठी-कोकणी मुरवत होता. आपण मात्र सहा महिन्यांत रिपोर्ट मागतो.

व्हिसाबद्दल मला कडक बोलायचंय. टुरिस्ट व्हिसावर जाऊन तिकडे राहायचं, दर काही महिन्यांनी बॉर्डर ओलांडून शिक्का मारून आणायचा, हे बऱ्याच ठिकाणी सर्रास चालतं आणि आपण त्याला विश्वासाचं पाऊल म्हणतो. ते खोटं आहे. ज्या देशात मिशनरी म्हणून व्हिसा मिळतो तिथं तो घ्या, जिथं मिळत नाही तिथं शिक्षक, नर्स, मेकॅनिक म्हणून जा, पण मग ते काम मन लावून करा, नावापुरती कंपनी काढून बसू नका. आणि त्या देशाचा कायदा आधी वाचा. शेजारच्या नेपाळचंच घ्या, आपले लोक सहज जातात कारण व्हिसा लागत नाही, पण तिथं 2015 च्या घटनेत दुसऱ्याचं धर्मांतर करायला मनाई आहे आणि 2018 पासून लागू झालेल्या कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणसाला शिक्षेनंतर देशाबाहेर काढतात. आपण इथून जोशात पाठवलेला मुलगा परत येईल, पण ज्या स्थानिक भावानं त्याला घरात घेतलं त्याला तिथंच राहायचंय. त्याचा विचार कोण करणार?

बाकी कागद म्हणजे पोलीस क्लिअरन्स, डिग्री आणि मॅरेज सर्टिफिकेटचं अपोस्टिल म्हणजे ते परदेशात चालावं म्हणून लागणारा सरकारी शिक्का, ही कामं वेळखाऊ असतात, सहा महिने आधी लागा. दहावी झालेली नसेल तर पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे कामाला बाहेर जाताना तपासणी लागेल असा शिक्का असतो, कामासाठी काही देशांत जायला वेगळी परवानगी लागते. गोव्यात लग्न रजिस्टर झालेलं असेल तर आपल्या सिव्हिल कोडमुळे घर-जमिनीच्या व्यवहारात नवरा-बायको दोघांच्या सह्या लागतात, म्हणून जाण्याआधी भरवशाच्या माणसाच्या नावानं पॉवर ऑफ अॅटर्नी करून ठेवा. बँकेचं खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्याचं खातं, करायला लागेल, नॉमिनी बघून घ्या. आणि मृत्युपत्र करा, तरुण असलात तरी करा, अशुभ वगैरे काही नसतं त्यात.

पैशाचं कमिटीनं लक्ष द्यायचं. ट्रस्टचे पैसे भारताबाहेर खर्च करायला इन्कम टॅक्सचे वेगळे नियम आहेत, तेव्हा आधी सीएकडे जा, कोणाच्या तरी पर्सनल खात्यातून ढकलू नका, उद्या नोटीस आली तर सगळ्या मंडळीचं नाव खराब होईल. आणि महिन्याचा आकडा लिहून ठरवा. भाडं, जेवण, मुलांची फी, इन्शुरन्स, वर्षातून नाही तरी दोन वर्षांतून एकदा घरी यायचं तिकीट, आणि एक वेगळी रक्कम जिला कोणी हात लावायचा नाही, ती अचानक निघावं लागलं तर. मोझांबिकच्या काबो देल्गादो भागात 2017 पासून हिंसाचार चालू आहे, मार्च 2019 मध्ये इदाई चक्रीवादळानं बैरा शहर उद्ध्वस्त केलं. अशा वेळी माणसानं तिकिटाच्या पैशासाठी वास्कोला मेसेज टाकून अर्पण जमायची वाट बघत बसायचं का? कधी निघायचं, कोणाच्या सांगण्यावरून निघायचं, हे आधीच ठरलेलं पाहिजे, कारण तिकडे असताना मन कधीच निघ म्हणत नाही.

मी जन्मभर वॉर्डात नोकरी केली, म्हणून तब्येतीचं जरा अधिकारानं बोलते. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांसाठी यलो फीवरची लस लागते, ती प्रत्येक हॉस्पिटलात मिळत नाही, सरकारनं ठरवलेल्या सेंटरवरच मिळते, आपल्याकडे मुरगाव पोर्टच्या हेल्थ ऑफिसची चौकशी करा. टोचल्यावर 10 दिवसांनी सर्टिफिकेट लागू होतं, आणि 2016 पासून ते जन्मभर चालतं, ते पिवळं कार्ड पासपोर्टबरोबर ठेवा. हिपॅटायटिस, टायफॉइड, धनुर्वात पूर्ण करा, खेड्यात राहणार असाल तर रेबीजच्या कुत्रं चावण्याआधीच घ्यायच्या लसी पण घ्या कारण तिकडे कुत्रं चावल्यावर लस कुठं मिळेल सांगता येत नाही. मलेरियाला आपण गोव्यातले लोक फार हलक्यात घेतो, आमच्याकडे पण होतो की म्हणतो. आफ्रिकेतला बहुतेक मलेरिया फॅल्सिपॅरमचा असतो, तो दोन दिवसांत माणूस नेऊ शकतो, ताप आला की त्याच दिवशी टेस्ट, प्रार्थना करत करत टेस्टला जायचं. मच्छरदाणी औषध लावलेली न्या. दात दाखवून घ्या, हे कोणीच करत नाही आणि मग दाढ दुखली की पार शहर गाठायला लागतं. बीपी-शुगरवाल्यांनी गोळ्यांची कंटेंट लिहून घ्या, कंपनीचं नाव तिकडे चालत नाही.

आता जे बोलायला जड जातं ते. एका मंडळीतली एक मुलगी, मंडळीचं नाव आणि देशाचं नाव मी लिहिणार नाही, नवऱ्याबरोबर गेली होती आणि ठरल्यापेक्षा खूप आधी परत आली. एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात बसली होती, मी तांदूळ निवडत होते, तिनं आपला फोन काढून तिनंच पाठवलेली प्रार्थनापत्रं मला एकेक वाचून दाखवायला सुरुवात केली. प्रभूनं दार उघडलं, प्रभूनं सामर्थ्य दिलं, तीन नवीन घरं जोडली गेली. आणि प्रत्येक पत्र वाचून झालं की ती सांगायची, ह्या आठवड्यात मी एक रात्र पण झोपले नव्हते, ह्या महिन्यात आम्ही दोघं एकमेकांशी बोलत नव्हतो, हे लिहिलं त्या दिवशी माझा गर्भ पडला होता. मी विचारलं, कळवलं का नाहीस गं? म्हणाली, ताई, कोणाला कळवणार होते, पत्र तर स्टेजवरून वाचतात ना. परत आल्यावर तिच्या कमिटीनं पहिली मीटिंग घेतली ती हिशोबाची. लॅपटॉप कुठाय, पावत्या कुठायत. तुम्ही कशा आहात हे कोणी विचारलं नाही.

म्हणून माझं म्हणणं आहे की प्रत्येक जाणाऱ्यामागे चार-पाच माणसांचा छोटा गट असू दे, त्यातलं एक जण कमिटीबाहेरचं, बाईमाणसासाठी बाई, ज्यांच्याशी दर आठवड्याला फोनवर बोलायचं आणि जे ऐकलेलं स्टेजवर जाणार नाही. जाण्याआधी जोडप्याला समुपदेशकाकडे पाठवा, दोघांना वेगवेगळं बसवून विचारा की खरंच जायचंय का. इंग्रज मिशनरी विल्यम केरीला आपण फार मान देतो, 1811 मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला मराठी नवा करार छापून काढला त्यांनी, ते उपकार आहेतच. पण त्यांची बायको डोरोथी सुरुवातीला यायला तयारच नव्हती, शेवटच्या घडीला मन वळवून आणली, 1794 मध्ये त्यांचा पाच वर्षांचा पीटर इथं वारला आणि त्या बाईचं मन कायमचं बिघडलं, 1807 मध्ये ती गेली तोपर्यंत सुधारलं नाही. मिशनच्या गोष्टी सांगताना संडे स्कूलमध्ये हिचं नाव पण सांगा.

मुलं असतील तर शाळेचं आधी ठरवा, कुठल्या बोर्डात, कुठल्या भाषेत, परत आल्यावर इथं कितवीत बसणार. आणि मागे राहिलेले आईबाप. मुलगा सेवेला गेला म्हणून अभिमानानं सांगतात, पण त्यांचं लाईटबिल कोण भरणार, चिखलीच्या हॉस्पिटलात रात्री कोण बसणार, हे तरुण संघात नावानिशी वाटून द्या. आई सिरियस आहे असा फोन गेला तर तिकीट कोण काढणार हे पण लिहून ठेवा.

परत आलेल्या माणसाला निदान सहा महिने काही विचारू नका. उपासना चालवायला लावू नका, साक्षीला उभं करू नका, राहायला जागा द्या, आठवड्यातून एकदा मासळी-भात घेऊन जा. आधी परत आला म्हणजे हरला असं कोणाच्या तोंडून निघता कामा नये. पौल आणि बर्णबाबरोबर निघालेला मार्क पण अर्ध्यातून परत गेला होता, त्याच्यावरून पौल आणि बर्णबाचं कडाक्याचं भांडण झालं, आणि शेवटी तोच पौल लिहितो की मार्काला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे.

आता जे निघणार आहेत त्या माझ्या लेकरांना एवढंच सांगते की घाई करू नका. पाचारण खरं असेल तर एक वर्ष थांबल्यानं ते पळून जात नाही. ह्या वर्षात इथल्याच परक्या लोकांत जा, झुआरीनगरला कामगारांच्या वस्तीत दर आठवड्याला जाऊन बसा, कन्नड, ओडिया, काहीतरी एक शिका, आपल्यासारखं न जेवणाऱ्यांच्या घरी जेवा, तुम्हाला कोणी ओळखत नाही, मान देत नाही अशा जागी टिकता का ते बघा. तिकडे जे अवघड जाणार आहे ते बरंचसं इथंच कळेल.

पंच मंडळींना माझी विनंती, पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय घ्या, शेवटी चहाच्या वेळी नको, पहिला घ्या. मोझांबिकला जाणाऱ्या जोडप्याचं तिकीट अजून निघालेलं नाही, ते पुढे ढकला आणि त्यांच्या पोर्तुगीज क्लासची फी त्याच मीटिंगमध्ये मंजूर करा. तब्येतीचा आणि लसींचा फॉर्म मी तयार केलाय, महिला मंडळाकडे ठेवलाय, कुठल्याही मंडळीला हवा असेल तर घेऊन जा. आणि त्या दोघांच्या गटात एक बाई लागेल, त्यासाठी माझं नाव लिहा.

प्रभूच्या सेवेत तुमचीच,
वास्कोच्या मराठी मंडळीतली एक बहीण